“माझ्या रक्ताचं काय आलं?” : स्त्री-आरोग्यावर पहिला थिसिस करणाऱ्यांसाठी

माझ्या थिसिसमधली ती चाळिसावी की एक्केचाळिसावी बाई होती. सहावा महिना चालू होता. रक्त घेऊन तीन आठवडे झाले होते. एएनसी ओपीडीच्या, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीच्या, रांगेतून ती थेट माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “मॅडम, त्या दिवशी रक्त नेलंत, माझ्या रक्ताचं काय आलं?” तिचं हिमोग्लोबिन ८.२ होतं. हा आकडा माझ्या मास्टर चार्टमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या मुख्य तक्त्यात, व्यवस्थित लिहिलेला होता, पण तिच्या केसपेपरवर नव्हता. तीन आठवडे तिच्या उपचाराला काही कारण नसताना उशीर झाला होता, आणि तो माझ्यामुळे झाला होता.

आता मी रेसिडेंट मुलामुलींना संशोधनपद्धती शिकवते आणि पहिल्या तासाला हाच प्रसंग सांगते. हा लेख त्यांच्यासारख्या नवख्यांसाठी आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली किंवा एखाद्या अभिमत विद्यापीठात एमडी, एमएस, एमएस्सी नर्सिंग वा सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत असाल आणि गाईडने “स्त्रियांच्या आरोग्यावर काहीतरी घे” असं म्हटलं असेल, तर इथून सुरुवात करा. उदाहरण म्हणून मी गरोदरपणातला रक्तक्षय घेतला आहे, कारण जवळपास प्रत्येक कॉलेजात दर वर्षी कुणीतरी त्यावर थिसिस करतंच.

या वाटेवर आपण पहिले नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता.

पहिली पायरी : प्रश्न एका वाक्यात बसवा

“गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षयाचा अभ्यास” हे शीर्षक झालं, प्रश्न नाही. प्रश्न असा असतो: “आमच्या ओपीडीत लोहाच्या गोळ्या मिळालेल्या, पाचव्या ते सातव्या महिन्यातल्या स्त्रियांपैकी किती जणी त्या रोज खातात, आणि ज्या खात नाहीत त्या का खात नाहीत?” यात कोण, कुठे, केव्हा आणि काय मोजायचं हे चारही आलं. घरच्यांना तुमचा प्रश्न एका दमात सांगता येत नसेल, तर तो अजून पक्का झालेला नाही.

प्रश्न ठरवण्याआधी गडचिरोलीचा अभ्यास जरूर वाचा. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. एकेका बाईला सरासरी ३.६ आजार होते. आणि त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी वा उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर गावाकडच्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच, असं धरलं जायचं. या अभ्यासाने ते खोडून काढलं.

तुमच्या थिसिसच्या दृष्टीने यात एक रोखठोक धडा आहे: ओपीडीतला टक्का हा गावाचा टक्का नसतो. ओपीडीत येते ती त्रास असलेली, सोबत माणूस असलेली, एसटीचे पैसे असलेली आणि घरून परवानगी मिळालेली बाई. रुग्णालयात बसून केलेल्या अभ्यासातून “या जिल्ह्यातील प्रमाण” असा निष्कर्ष काढू नका. “आमच्या रुग्णालयात आलेल्या स्त्रियांमध्ये” असंच लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

गरोदरपणाच्या पलीकडेही पाहा. पाळी जाण्याच्या वयातला त्रास, अंग बाहेर येणं, लघवीवर ताबा न राहणं, पिशवी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया हे विषय आपल्याकडे पडून आहेत. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांबद्दल २०१९ मध्ये शासनाने समिती नेमली, तेव्हा पाहणीतल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली असल्याचं पुढे आलं. तो प्रश्न आधी कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी मांडला. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांमधून तो आधी यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी पायरी : काय मोजणार आणि कशाने, हे आधी लिहून ठेवा

माझ्या अनुभवात सर्वाधिक थिसिस इथे ढिले पडतात, म्हणून इथे जरा थांबू.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय आणि ७ च्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय, ही व्याख्या आपण पाठ केलेली आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये नव्या मार्गदर्शक सूचना दिल्या आणि दुसऱ्या तिमाहीसाठी सीमारेषा १०.५ केली, कारण त्या महिन्यांत रक्तातलं पाणी वाढतं आणि हिमोग्लोबिन आपसूक उतरतं. म्हणजे पाचव्या महिन्यातली १०.७ ची बाई एका व्याख्येने आजारी ठरते आणि दुसरीने निरोगी. कोणती व्याख्या घेतली ते सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्यात, लिहा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. निकाल हाती आल्यावर सोयीची व्याख्या निवडणं ही फसवणूक आहे.

यंत्राचंही तसंच. साहली पद्धतीची काचेची नळी, बोटाच्या टोकाच्या थेंबावर चालणारं छोटं यंत्र आणि शिरेतल्या रक्तावर चालणारा सेल काउंटर, या तिघांचे आकडे जुळतीलच असं नाही. बोट दाबून थेंब काढला तर त्यात ऊतींमधलं पाणी मिसळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या गरोदर स्त्रियांत रक्तक्षयाचं प्रमाण ४५.७ टक्के आलं. ते बोटाच्या रक्तावर मोजलेलं आहे. तुमचा सेल काउंटरचा आकडा त्याच्याशेजारी ठेवून “आमच्याकडे प्रमाण कमी आहे” असं लिहिण्याआधी हा फरक वाचकाला सांगा.

दुसरे विषय घेतलेत तरी हीच काळजी लागते. गरोदरपणातला मधुमेह आपल्या सरकारी दवाखान्यांत बहुधा ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी १४० ची रेषा पाहून ठरवतात आणि त्यासाठी उपाशीपोटी यावं लागत नाही. आंतरराष्ट्रीय निकषात मात्र उपाशी ९२, एका तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ असे तीन आकडे आहेत. पीसीओएसवर, म्हणजे बीजकोषांच्या नि पाळीच्या तक्रारीवर, काम करत असाल आणि मुली कॉलेजच्या वयाच्या असतील, तर हे लक्षात ठेवा: पाळी सुरू होऊन आठ वर्षं झालेली नसताना सोनोग्राफीवरून ते निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. अशा कोवळ्या मुलींना उगाच आजाराचं नाव चिकटलेलं मी पाहिलं आहे. त्या धास्तीतून त्यांना बाहेर काढायला पुढे वर्ष वर्ष जातं.

तिसरी पायरी : किती जणी घ्यायच्या

प्रमाण काढायचं असेल तर नेहमीचं सूत्र आहे: चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डीचा वर्ग. पी म्हणजे आधीच्या अभ्यासातलं प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, आणि डी म्हणजे तुम्हाला चालणारी चूक. महाराष्ट्राचे ४६ टक्के धरले आणि चूक पाच टक्क्यांची चालणार असेल, तर ४ × ४६ × ५४ ÷ २५, म्हणजे ३९७.४४. तेव्हा ३९८ जणी हव्यात. दहा टक्के गळती धरली तर ४४३.

आता ओपीडीत जाऊन रजिस्टर मोजा. निकषात बसणाऱ्या आणि तुम्हाला नीट वेळ देता येईल अशा आठवड्याला सहा जणी मिळत असतील, तर ४४३ ला चौऱ्याहत्तर आठवडे लागतात. त्यात तुमच्या कॅज्युअल्टी पोस्टिंगचे महिने आणि परीक्षेची रजा धरा. थिसिस लेखी परीक्षेच्या निदान सहा महिने आधी जमा करायचा असतो. हे गणित पहिल्याच महिन्यात करून बायोस्टॅटिस्टिक्सच्या सरांना दाखवा. सगळी माहिती गोळा झाल्यावर “सर, आता काय टेस्ट लावू?” असं विचारायला गेलात, तर त्यांच्याही हातात फारसं काही उरत नाही.

चौथी पायरी : सिनॉप्सिस आणि एथिक्स कमिटी

सिनॉप्सिस कॉलेजच्या वैज्ञानिक समितीकडून एथिक्स कमिटीकडे जातो आणि तिथून विद्यापीठाकडे. तारखा विद्यापीठाच्या चालू परिपत्रकातच पाहा, सीनिअरच्या आठवणीवर विसंबू नका. एथिक्स कमिटीची मंजुरी हातात येण्याआधी एकाही बाईची माहिती घ्यायची नाही. “फक्त प्रश्नावली आहे, रक्तही घेत नाही” ही सबब चालत नाही.

या कमिटीत निदान सात जण असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात. एखादे वकील, एखादे समाजशास्त्राचे जाणकार, निदान एक स्त्री सदस्य आणि एक सामान्य नागरिक असतो. तुमचं मराठी संमतीपत्र त्या सामान्य नागरिकासाठी लिहा. त्याला जे कळत नाही ते ओपीडीतल्या बाईलाही कळणार नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमधली संमतीची आणि असुरक्षित गटांची प्रकरणं कमिटीपुढे जाण्याआधी वाचून जा. प्रश्न तिथूनच येतात.

औषध, पूरक आहार, व्यायाम असं काही देऊन परिणाम पाहणार असाल, तर तो क्लिनिकल ट्रायल आहे. त्याची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर, पहिली बाई घेण्याआधी झाली पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंद तिथे स्वीकारत नाहीत. दर वर्षी कुणीतरी हे विसरतं आणि मग चांगलं नियतकालिक त्याचा पेपर न वाचताच परत करतं.

तुलनेचा गट ठेवणार असाल तर त्या गटातल्या बाईला काय मिळणार, हा प्रश्न स्वतःला विचारा. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयातून, टाटा मेमोरियलच्या साथीने, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास झाला. ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. २००९ मध्ये निकाल आला तेव्हा एकदाच एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आलेले होते. जगभरच्या तपासणी धोरणांवर त्याचा प्रभाव पडला. पण ज्या तीस हजारांवर स्त्रिया तुलनेच्या गटात होत्या त्यांना नेहमीच्याच सेवा मिळाल्या, अभ्यासातून तपासणी मिळाली नाही, आणि त्यावर पुढे तीव्र नैतिक वाद झाला. दोन्ही बाजू वाचा. माझं मत असं की, उपचार ठाऊक आणि हाताशी असताना थिसिससाठी कुणालाही त्यापासून दूर ठेवू नये. रक्तक्षयाच्या अभ्यासात तुलनेच्या गटालाही लोहाच्या गोळ्या मिळाल्याच पाहिजेत.

पाचवी पायरी : संमती म्हणजे सही नव्हे

२००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या, आताच्या तेलंगणातल्या, खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा इथे १० ते १४ वयाच्या मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प चालला होता. खम्ममच्या आश्रमशाळांमध्ये पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतीपत्रांवर सह्या केल्याचं उघड झालं. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक अहवाल दिला. मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचं चौकशीत निघालं, पण संमतीतली चूक चूकच राहिली. लोकांच्या मनात बसलेला संशय तर अजून भोवतो.

म्हणून संमती घेताना एवढं पाळा. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसा, उभ्याने बोलू नका. तिच्या बोलीत सांगा. “पाच मिली रक्त” म्हणू नका, “एक चमचाभर रक्त” म्हणा. डॉक्टर रक्त काढून विकतात, ही भीती अजून खेड्यांत आहे, त्यामुळे रक्त कुठे जाणार आणि उरलेल्याचं काय होणार हे तिने न विचारताच सांगा. “नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही” हे वाक्य डोळ्यांत बघून म्हणा. तुम्ही पांढरा कोट घालून तिच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात बसलेल्या आहात. तिला नाही म्हणणं किती अवघड आहे, याचा विचार करा. जमलं तर संमती उपचार करणाऱ्या डॉक्टरऐवजी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी.

मग तिला विचारा, “मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगाल का?” तिने “तुम्ही म्हणाल तसं” एवढंच म्हटलं, तर संमती झालेली नाही. पुन्हा सांगा. घरी विचारून येते म्हणाली तर येऊ द्या, पण सही तिचीच हवी. सज्ञान बाईच्या वतीने नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्याला नको असते. लिहिता येत नसेल तर अंगठा घ्या आणि अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार घ्या. तुमच्या वॉर्डातली सिस्टर इथे साक्षीदार म्हणून चालत नाही. संमतीपत्राची एक प्रत तिला द्या. अभ्यासासाठी जादा खेप पडत असेल तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी देण्याची सोय आधीच मंजूर करून घ्या.

सहावी पायरी : तीन कायदे जे चुकून मोडतात

पहिला गर्भलिंग तपासणीविरुद्धचा. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला फॉर्म एफ, म्हणजे या कायद्याचा नोंदीचा अर्ज, लागतो, थिसिसची असली तरी. नोंदणी नसलेल्या यंत्रावर किंवा नोंद नसलेल्या डॉक्टरने ती करायची नाही. गर्भाच्या लिंगाचा रकाना तुमच्या तक्त्यात असताच कामा नये. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला होता, आणि केंद्राचा कायदा १९९४ चा.

गर्भपातावर काम असेल तर १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये झालेली दुरुस्ती पाहा. त्या बाईचं नाव उघड करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा मास्टर चार्टमध्ये नाव, नोंदणी क्रमांक, गाव यांपैकी काही नको, फक्त सांकेतिक क्रमांक.

तिसरा कायदा पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांच्या संरक्षणाचा. ओपीडीत सतरा वर्षांची गरोदर मुलगी आली तर कळवण्याचं बंधन तुमच्यावर आहे, मग तिचं लग्न झालेलं असो वा नसो. अशा वेळी संमतीपत्रातलं “सगळं गुप्त राहील” हे आश्वासन खोटं ठरतं. पहिल्या थिसिससाठी १८ पूर्ण झालेल्याच स्त्रिया घ्या, हा माझा सल्ला. लहान मुलगी समोर आली तर तिला आधी उपचार द्या आणि लगेच वरिष्ठांना सांगा.

सातवी पायरी : प्रश्न विचारायची भाषा

मला हा भाग सगळ्यात प्रिय आहे, कारण पुस्तकात तो सापडत नाही.

“तुम्हाला श्वेतप्रदर आहे का?” असं विचारलंत तर ती मान हलवून नाही म्हणेल. “अंगावरून पांढरं जातं का?” विचारलंत तर दोन वर्षांची कहाणी सांगेल. गर्भाशय म्हणजे पिशवी. गरोदर राहणं म्हणजे दिवस जाणं. “गर्भपात झाला का” याऐवजी “आधी कधी दिवस राहून मोडले का, की मोकळं करून घ्यावं लागलं?” असं हळू आवाजात विचारावं लागतं. पाळीला तर घराघरात वेगळा शब्द आहे: कावळा शिवला, बाजूला बसले, अडचण आहे. तुमच्या भागातल्या आशाताईंना आणि अंगणवाडीच्या बाईंना प्रश्नावली आधी वाचून दाखवा. त्या जिथे हसतील किंवा भुवया चढवतील, ते शब्द बदला. त्यानंतर निदान वीस-पंचवीस जणींवर प्रश्नावली चालवून पाहा आणि त्यांना मुख्य अभ्यासात मोजू नका.

शेवटच्या पाळीची तारीख हा तुमच्या सगळ्या हिशोबाचा पाया आहे, आणि “तारीख आठवत नाही” हे उत्तर निम्म्या वेळा येईल. तारखेऐवजी सणावरून विचारा. “गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी”, “पोळ्याच्या आदल्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं”, “चतुर्थीचा उपास होता” असं तिला नेमकं आठवतं. त्या वर्षाचं कॅलेंडर टेबलावर ठेवा. तिथ्या, गावची जत्रा, बाजाराचे वार त्यावर लिहून ठेवा. मग लवकरच्या सोनोग्राफीशी ताडून पाहा.

इंग्रजी मोजपट्ट्या आयत्या वेळी मराठीत आणू नका. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी एडिंबरा मोजपट्टी वापरायची असेल तर तिचं तपासून घेतलेलं मराठी रूप मिळवा. नसेल तर एकाने मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने पुन्हा इंग्रजी करायचं आणि दोन्ही ताडून पाहायचं. त्या मोजपट्टीत दहा प्रश्न आहेत. दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला एखादीने हो म्हटलं, तर बेरीज संध्याकाळी करण्यासाठी ते पान बाजूला ठेवायचं नाही. तिला एकटं सोडू नका, त्याच तासाला मानसोपचार विभागात घेऊन जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक तिला लिहून द्या. तो विभाग तुमच्या रुग्णालयात नसेल तर पाठवायची व्यवस्था आधी लावा, मगच हा विषय घ्या.

घरातल्या मारहाणीबद्दल विचारणार असाल तर एका घरातून एकाच बाईला विचारा. अभ्यासाचं नाव बाहेर “महिलांचं आरोग्य” एवढंच सांगा. सासू किंवा नवरा आत आला की लगेच विषय बदलायचा, त्यासाठी आहाराच्या प्रश्नांचं एक साधं पान हाताशी ठेवा. १८१ हा महिला मदत क्रमांक बाईला कळेल अशा रीतीने द्या, पण कागदावर लिहून तिच्या पिशवीत ठेवायचा का, हे तिलाच विचारा. तो कागद घरी सापडला तर तिचे हाल होऊ शकतात.

आठवी पायरी : बाई परत येईल का?

पुन्हा भेटायचं असेल तर डोहाळजेवण विसरू नका. सातव्या-आठव्या महिन्यात पहिलटकरीण माहेरी जाते, बाळंतपण तिकडेच होतं आणि तुमच्या तक्त्यात रकाना रिकामा राहतो. पहिल्याच भेटीत विचारा, “बाळंतपणाला कुठे जाणार?” माहेरच्या गावाचं नाव, तिथल्या आशाताईंचा आणि आईचा फोन घ्या. मोबाइल बऱ्याचदा नवऱ्याकडे असतो, तेव्हा फोन केल्यावर काय सांगायचं हेही तिच्याकडूनच ठरवून घ्या.

मराठवाड्यात, नगर-नाशिकच्या काही तालुक्यांत दसऱ्यानंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. ऑगस्टमध्ये घेतलेली बाई डिसेंबरमध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या फडात असते. तिला “फॉलोअपला आली नाही” असं लिहून वगळलंत, तर सगळ्यात जास्त अंगमेहनत आणि सगळ्यात कमी तपासणी होणाऱ्या स्त्रियाच तुमच्या निकालातून गळतात आणि चित्र आहे त्याहून चांगलं दिसतं. अभ्यासाचं वेळापत्रक हंगाम पाहून आखा.

बाई टिकवून धरणं जमतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा पोषणविषयक अभ्यास सुरू केला आणि डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने त्या मातांच्या पोटी आलेल्या मुलांची मोजमापं ती मोठी होईपर्यंत सुरू ठेवली. दिसायला बारीक पण अंगात चरबी जास्त अशी बाळं, आईच्या आहारातल्या पालेभाज्या-दूध-फळांचा बाळाच्या वाढीशी संबंध, बी-१२ ची कमतरता, हे सगळं त्या चिकाटीतून कळलं.

नववी पायरी : आकडे

इथे थोडक्यात. माहिती त्याच दिवशी संगणकात भरा. आर हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कोबो टूलबॉक्स हे माहिती भरायचं साधन फोनवर चालतं. दर पन्नास फॉर्मांनंतर दहा मूळ कागदाशी ताडून पाहा. रक्तदाबाचे सगळे आकडे शून्यावरच संपत असतील, तर मोजणाऱ्याचा हात तपासा. लिहिताना काय काय सांगायलाच हवं याच्या ठरलेल्या याद्या आहेत: निरीक्षणाच्या अभ्यासासाठी स्ट्रोब आणि ट्रायलसाठी कन्सॉर्ट. ती यादी शेजारी ठेवा.

आणि आकडे बनवू नका. मुदत जवळ आली, साठ जणी कमी पडल्या, तर साठ कमी लिहा आणि कारण द्या. खोट्या साठ जणींवरून उद्या कुणीतरी गोळीचा डोस ठरवेल, आणि ती गोळी खरी बाई खाईल.

दहावी पायरी : तिला तिचं परत द्या

त्या ८.२ च्या बाईनंतर मी नियम केला, आणि आता आमच्या विभागात तो सगळे पाळतात. रक्ताचा निकाल आधी केसपेपरवर, मग मास्टर चार्टवर. ७ च्या खाली आलं तर त्याच दिवशी फोन आणि भरतीची व्यवस्था. बाकीच्यांना पुढच्या भेटीत हातात चिठ्ठी. अभ्यास संपला की आशाताईंच्या मासिक बैठकीत पंधरा मिनिटं मागून घ्यायची आणि काय आढळलं ते मराठीत सांगायचं. गोळीने मळमळतं म्हणून बायका ती फेकतात, असं तुमच्या अभ्यासात निघालं असेल, तर रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा, हे त्या बैठकीत सांगून होतं. त्यासाठी पेपर छापून येण्याची वाट पाहायला नको.

चिठ्ठी आम्ही अर्ध्या पानाची करतो, मोठ्या अक्षरात. मजकूर असा असतो, हवा तर उचला:

“ताई, तुम्ही आमच्या अभ्यासासाठी वेळ आणि रक्त दिलंत. तुमचं हिमोग्लोबिन ____ आलं. गरोदरपणात ते ११ किंवा जास्त असावं. तुम्हाला रोज ____ गोळी घ्यायची आहे. गोळीने शौचाला काळं होतं, घाबरू नका. चहाबरोबर गोळी घेऊ नका. पुन्हा तपासणी ____ तारखेला. हा कागद माहेरी जाताना सोबत न्या आणि तिथल्या सिस्टरना दाखवा. काही विचारायचं असेल तर ____ या नंबरवर फोन करा, सकाळी नऊ ते चार.”

तारीख लिहिताना शेजारी तिथी किंवा बाजाराचा वारही लिहा.